स्पेनचं हवामान, प्रदेशाप्रदेशानुसार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पेनला जायचंय. तिथलं हवामान कसं असतं?

याचं एका वाक्यात उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. जुलैमधल्या एकाच दुपारी कोर्दोबात ४० अंश, सान सेबास्तियानला २३ अंश आणि भुरभुर, तेनेरिफ बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर ढग आणि त्याच बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर टळटळीत ऊन, असं सहज घडतं. म्हणून देशाचं नाव सोडा, गावाचं नाव घ्या आणि तीन गोष्टी विचारा: जवळचा समुद्र कोणता, गाव किती उंचीवर आहे, आणि ते डोंगराच्या कोणत्या अंगाला आहे. पुढची बहुतेक उत्तरं या तिन्हींतूनच निघतात.

अंदाज यावा म्हणून वर्षभराच्या पावसाचे ढोबळ सरासरी आकडे, मिलिमीटरमध्ये:

सान्तियागो दे कोम्पोस्तेला – १८००
सान सेबास्तियान – १५००
बिल्बाओ – ११५०
बार्सेलोना – ६००
सेव्हिल – ५४०
वालेन्सिया – ४७५
माद्रिद – ४२०
सारागोसा – ३२०
आल्मेरिया – २००

पुण्याचा पाऊस सातशेच्या पुढे असतो, हे डोळ्यांसमोर ठेवून ही यादी वाचा. म्हणजे माद्रिद पुण्याहून कोरडं आणि सान्तियागो पुण्याच्या दुपटीहून ओलं.

तिकडे पावसाळा कधी असतो?

आपल्या अगदी उलट. आपल्याकडे तापलेली जमीन उन्हाळ्याच्या शेवटी समुद्रावरून पाऊस ओढून आणते. स्पेनमध्ये उन्हाळ्यात अझोर बेटांजवळचा जास्त दाबाचा पट्टा उत्तरेकडे सरकून देशावर झाकणासारखा बसतो आणि अटलांटिकवरून येणाऱ्या पावसाच्या पट्ट्यांना वर ढकलतो. त्यामुळे जुलै-ऑगस्ट हे दक्षिणेतले सगळ्यात कोरडे महिने. सेव्हिलला या दोन महिन्यांत मिळून दहा मिलिमीटरही पडत नाही. ऑक्टोबरनंतर झाकण दक्षिणेकडे सरकतं आणि पश्चिमेकडून पावसाची रांग सुरू होते.

पण हा नियम सगळीकडे सारखा लागू होत नाही. पश्चिमेकडे आणि दक्षिणेतल्या आंदालुसियात पाऊस मुख्यतः नोव्हेंबर-डिसेंबरचा. माद्रिदला शरद आणि वसंत असे दोन हंगाम. भूमध्य किनाऱ्यावर सप्टेंबर-ऑक्टोबर हाच मोठा हंगाम, आणि तोही मोजक्या दिवसांचा. तेरुएलच्या डोंगराळ भागात मे-जूनमध्ये दुपारचे गडगडाटी वळीव. उत्तर किनाऱ्यावर मात्र कोरडा असा महिनाच नाही.

उत्तरेकडे इतकं हिरवं का?

फ्रान्सच्या सीमेपासून वायव्य टोकाच्या गालिसियापर्यंत समुद्राला समांतर डोंगररांग उभी आहे, आपल्या सह्याद्रीसारखी. अटलांटिकवरून येणारी ओली हवा तिच्यावर चढते, थंड होते आणि किनाऱ्याच्या अंगालाच रिकामी होते. रांगेमागचं लेओन, बुर्गोस हे पर्जन्यछायेत. याच रांगेतल्या पाखारेसच्या डोंगराखालून गेलेला सुमारे २५ किमीचा रेल्वे बोगदा नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रवाशांसाठी सुरू झाला. लेओनच्या बाजूने निळ्या आभाळाखाली आत शिरायचं आणि काही मिनिटांनी आस्तुरियासमध्ये करड्या ढगाखाली बाहेर पडायचं, हा तिथला नेहमीचा अनुभव.

हा पाऊस मुंबईसारखा कोसळत नाही. मुंबईत चार महिन्यांत दोन हजारांवर पडतो; सान्तियागोला अठराशे, पण वर्षभर वाटून. बास्क भागात या पिरपिरीला ‘चिरिमिरी’ म्हणतात (आपल्या चिरीमिरीशी नातं नाही, पण थोडं थोडं करत खिसा ओला करण्याची पद्धत तीच). आस्तुरियासमध्ये तिला ‘ओरबायु’ म्हणतात, आणि स्पॅनिशमध्ये एक गमतीचा शब्द आहे, ‘कालाबोबोस’, म्हणजे खुळ्यांना भिजवणारा: एवढ्याशा पावसाला छत्री कशाला, असं म्हणणारा अर्ध्या तासात चिंब होतो.

तिथे छत्रीपेक्षा टोपीचं जलरोधक जाकीट कामाचं, कारण किनाऱ्यावरच्या वाऱ्यात छत्री उलटते. कॅनव्हासचे बूट नेऊ नका. एकदा भिजले की दोन दिवस वाळत नाहीत. महिना-दोन महिने राहणार असाल तर घर घेताना आर्द्रता शोषणारं यंत्र आहे का ते विचारा. गालिसियात त्याविना कपाटात बुरशी धरते, हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

सगळ्यात जास्त पावसाचं एक ठिकाण दक्षिणेत आहे, हे खरं का?

खरं आहे. आंदालुसियात कादिस प्रांतातलं ग्राझालेमा गाव. वर्षाला सुमारे २००० मिमी. त्याच प्रदेशात पूर्वेला, सरळ रेषेत साधारण २८० किमीवर, काबो दे गाता हे भूशिर आहे; तिथे २०० मिमीसुद्धा पडत नाही. अक्षांश जवळजवळ एकच.

महाबळेश्वर आणि माण तालुका ज्याने पाहिलाय त्याला हे लगेच कळेल. हिवाळ्यात कादिसच्या आखातावरून नैर्ऋत्येचा ओला वारा येतो आणि त्याच्या वाटेतला पहिला उंच अडथळा ग्राझालेमाचे डोंगर. तिथे तो पिळला जातो. पुढे रोंदाचे डोंगर, मग ३४७९ मीटर उंचीच्या मुलासेन शिखरासह सिएरा नेवादा; प्रत्येक रांग थोडं पाणी काढून घेते आणि रांगेत शेवटी उभ्या असलेल्या आल्मेरियाच्या वाट्याला कोरडा वारा येतो. तिथलं ताबेर्नास हे ओसाड माळरान जुन्या ‘काउबॉय’ चित्रपटांत अमेरिका म्हणून दिसतं. आणि त्याच आल्मेरियात भरपूर उन्हामुळे हजारो हेक्टरांवर प्लॅस्टिकची हरितगृहं पसरली आहेत. युरोपातल्या हिवाळी टोमॅटो-काकडीचा मोठा वाटा तिथून जातो. पाणी मात्र भूजलाचं, लांबून आणलेलं किंवा समुद्राचं गोडं केलेलं.

स्पेनमध्ये आंबा पिकतो म्हणतात. युरोपात कसा?

मालागाजवळचं वेलेझ, आणि ग्रानादा प्रांतातलं मोत्रील-आल्मुन्येकार या चिंचोळ्या पट्टीत. पाठीमागचे उंच डोंगर उत्तरेची थंड हवा अडवतात, समोर समुद्र, त्यामुळे धुकं-दव असलं तरी झाडं करपवणारं हिम जवळजवळ पडतच नाही. मुख्य वाण ‘ओस्टीन’, हंगाम सप्टेंबर ते नोव्हेंबर. हापूसची अपेक्षा ठेवू नका. त्यापेक्षा तिथलं ‘चिरिमोया’ खाऊन बघा: सीताफळाच्याच कुळातलं, साल गुळगुळीत, गर जास्त, हिवाळ्यात बाजारात. याच किनाऱ्यापासून गाडीने दीड-दोन तासांत सिएरा नेवादाच्या बर्फावर पोचता येतं, म्हणून सामान भरताना या भागाला ‘दक्षिण’ म्हणून एका खणात टाकू नका.

माद्रिदला थंडी असते का? ते तर दक्षिण युरोपात आहे.

अक्षांश बघून फसू नका, उंची बघा. स्पेनचा मधला भाग म्हणजे मेसेता हे विस्तीर्ण पठार, साधारण ६०० ते ८०० मीटर उंचीचं. माद्रिद ६५० मीटरवर, बुर्गोस ८६० वर, सोरिया एक हजाराच्या पुढे, आविला अकराशेच्या पुढे. समुद्र लांब, हवा कोरडी, त्यामुळे दिवस आणि रात्र, उन्हाळा आणि हिवाळा यांत मोठा फरक. कास्तिल भागात जुनी म्हण आहे: नऊ महिने हिवाळा, तीन महिने नरक. (स्पॅनिशमध्ये ‘इन्व्हिएर्नो’ आणि ‘इन्फिएर्नो’ असा यमकाचा खेळ आहे.)

जानेवारीत माद्रिदचं सरासरी कमाल १० आणि किमान ३ अंशांच्या आसपास. कोरडी, स्वच्छ उन्हाची थंडी. सोरिया-आविलाला रात्री शून्याखाली जाणं नित्याचं. वस्तीच्या भागातला नीचांक तेरुएल प्रांतातल्या कालामोचाजवळचा: १७ डिसेंबर १९६३ रोजी उणे ३० अंश.

माद्रिद शहरात बर्फ दरवर्षी पडेलच असं नाही, पडला तर सहसा दुपारपर्यंत विरतो. म्हणूनच ८-९ जानेवारी २०२१ च्या ‘फिलोमेना’ वादळाने दाणादाण उडवली. शहरात ठिकठिकाणी अर्धा मीटर बर्फ साचला, बाराखास विमानतळ बंद झाला, आणि लगोलग कडाक्याची थंडी आल्याने त्या बर्फाचा दगड झाला. पडण्याच्या दिवसापेक्षा नंतरचा आठवडा वाईट गेला: घसरून हाडं मोडली, बर्फाच्या भाराने झाडांच्या फांद्या तुटल्या.

हिवाळ्यात गाडी चालवणार असाल तर अंदाजात ‘कोता दे न्येवे’ हा शब्द शोधा, म्हणजे हिमरेषेची उंची. ती ९०० मीटर लिहिली असेल तर माद्रिदमध्ये पाऊस आणि आविलाच्या रस्त्यावर बर्फ. वाहतूक खातं रस्त्यांची स्थिती हिरवा, पिवळा, लाल, काळा अशा रंगांत देतं. लालला साखळ्या किंवा हिवाळी टायर लागतात, काळा म्हणजे रस्ता बंद. भाड्याच्या गाडीत साखळ्या आपोआप नसतात. आधी मागाव्या लागतात, आणि टायरच्या मापाच्या आहेत ना ते काउंटरवरच बघून घ्यावं.

सेव्हिल आणि कोर्दोबाचा उन्हाळा किती वाईट? आम्ही नागपूरचे आहोत.

मग उष्णतेची ओळख आहे, फक्त घड्याळाची नाही. ग्वादालकिविर नदीचं खोरं अटलांटिककडे थोडं उघडं, बाकी बाजूंनी बंद; हवा आत तापत राहते. जुलैचं सरासरी कमाल सेव्हिलला ३६, कोर्दोबाला ३७, आणि उष्णतेच्या लाटेत ४२-४४. देशाचा उच्चांक याच खोऱ्यातला: १४ ऑगस्ट २०२१, कोर्दोबा प्रांतातलं ला राम्ब्ला, ४७.६ अंश.

आता घड्याळ. भूगोलाने स्पेन लंडनच्या रांगेत, पण १९४० पासून घड्याळं मध्य युरोपच्या वेळेवर, त्यात उन्हाळ्यात आणखी एक तास पुढे. परिणामी माद्रिदला सूर्य डोक्यावर येतो सव्वादोनला, आणि सगळ्यात जास्त तापमान संध्याकाळी पाच ते सहाच्या दरम्यान. ‘दुपारी आराम करू, चारला बाहेर पडू’ हा आपला हिशोब तिथे नेमका चुकतो. बघण्याची ठिकाणं सकाळी ९ ते १२.३० मध्ये उरका, परत बाहेर रात्री साडेआठनंतर. तेव्हाही उजेड असतो. जूनच्या अखेरीस माद्रिदचा सूर्यास्त पावणेदहाला, गालिसियाचा सव्वादहाला.

खोलीचं गणित: सकाळी दहाच्या आत खिडक्या बंद, बाहेरच्या ‘पेर्सियाना’ म्हणजे पट्ट्यांच्या गुंडाळ्या पूर्ण खाली; रात्री अकरानंतर बाहेरची हवा आतल्याहून थंड झाली की समोरासमोरच्या खिडक्या उघडा. वारा हवा म्हणून दुपारी खिडकी उघडणारे पाहुणे भट्टीचं दार उघडत असतात. हवा कोरडी असल्याने घाम दिसत नाही, त्यामुळे पाणी कमी पडलंय हे डोकं दुखायला लागल्यावरच कळतं. सेव्हिलच्या जुन्या बाजारगल्ल्यांवर उन्हाळ्यात कापडी छतं ताणलेली असतात; नकाशात जवळचा दिसणारा मोकळा चौक टाळून त्या गल्ल्यांतून जा.

माद्रिदला ३६ आणि बार्सेलोनाला ३०. मग बार्सेलोना बरं ना?

दिवसा बरं, रात्री नाही. माद्रिदची हवा कोरडी, सावलीत गेलं की फरक पडतो आणि पहाटे पारा विशीखाली उतरू शकतो. बार्सेलोना आणि वालेन्सियात समुद्र रात्री उष्णता सोडत राहतो. ऑगस्टमध्ये पहाटेही २३-२५ अंश आणि चिकचिक. मुंबईकराला ते ओळखीचं वाटेल, पण मुंबईत निदान पंखा असतो. जुन्या बार्सेलोनातल्या स्वस्त खोल्यांत छताला पंखाही नसतो आणि वातानुकूलन तर नाहीच. खोली घेताना ते ‘बैठकीत’ आहे की ‘शयनगृहात’, हे शब्दशः विचारून घ्या.

लोक वाऱ्यांची नावं का घेत असतात?

कारण तिथे बऱ्याचदा तापमान वारा ठरवतो. एकच वारा डोंगर ओलांडून उतरताना कोरडा आणि गरम होतो, म्हणून एका गावाला सुखाचा आणि दुसऱ्याला छळणारा.

पूर्वेचा ‘लेवान्ते’ हे उत्तम उदाहरण. मालागाला तो समुद्रावरून येतो: ढग, दमटपणा, बेताचं तापमान. तोच जिब्राल्टरची सामुद्रधुनी पार करून कादिसला पोचतो तेव्हा कोरडा, तापलेला आणि सोसाट्याचा. किनाऱ्यावरची वाळू पायांना सुयांसारखी टोचते. उलट पश्चिमेचा ‘पोनियेन्ते’ कादिसला थंडावा देतो, पण वालेन्सियाला पोचेपर्यंत अख्खं पठार ओलांडलेलं असल्याने तिथल्या उन्हाळ्यातले सगळ्यात गरम दिवस त्याचेच. मालागाची तऱ्हा आणखी वेगळी: वायव्येकडून डोंगर उतरून येणारा ‘तेर्राल’ सुरू झाला की पारा चाळिशी गाठतो आणि आर्द्रता एकदम खाली. त्या दिवशी पूर्वेला थोडं पुढे गेलं तर हवा बरी मिळू शकते. तारिफा हे गाव या दोन वाऱ्यांच्या जिवावर पतंग-सर्फिंगचं केंद्र झालंय. निवांत समुद्रस्नानासाठी मात्र ते चुकीचं ठिकाण.

उत्तर किनाऱ्यावर दक्षिणेचा वारा सुटला की डोंगर उतरताना तो तापतो. बिल्बाओची ऑगस्टची सरासरी कमाल २६ अंश, पण २३ ऑगस्ट २०२३ रोजी तिथे ४४ अंशांची नोंद झाली. असा दिवस बहुतेकदा ‘गालेर्ना’ने संपतो: वारा अचानक पश्चिम-वायव्येला फिरतो, काही मिनिटांत दहाएक अंशांनी पारा उतरतो, समुद्र खवळतो. २० एप्रिल १८७८ च्या गालेर्नात या किनाऱ्यावरचे ३०० हून अधिक मच्छीमार बुडाले. आज इशारा मिळतो. किनाऱ्यावर लाल झेंडा चढला तर आभाळ निळं असलं तरी पाण्याबाहेर या.

सारागोसात ‘सिएर्सो’: एब्रो नदीच्या खोऱ्यातून वायव्येकडून घुसणारा, हिवाळ्यात हाडं गोठवणारा. अंदाजात ९ अंश लिहिलं असेल तर तयारी शून्याची करा. ईशान्येकडच्या कातालोनियाच्या उत्तर टोकाला आणि मेनोर्का बेटावर ‘त्रामोन्ताना’. मेनोर्काला समुद्रकिनारा रोज वाऱ्यानुसार निवडतात, उत्तरेचा वारा असला की दक्षिणेचा किनारा.

‘दाना’ म्हणजे काय? वालेन्सियाच्या पुराबद्दल वाचलं होतं.

नाव स्पॅनिश आद्याक्षरांचं. उंचावरच्या वेगवान पश्चिमी प्रवाहापासून थंड हवेचा एक गोळा तुटून वेगळा पडतो आणि भरकटत स्पेनवर येऊन थांबतो. पूर्वी याला सरसकट ‘गोता फ्रिया’, म्हणजे थंड थेंब, म्हणत. दाना आली म्हणजे पूर येतोच असं नाही. बहुतेक वेळा नुसत्या सरी येऊन जातात. घात होतो तो चार गोष्टी जुळल्या तर: उन्हाळाभर तापलेला भूमध्य समुद्र, त्यावरून जमिनीकडे येणारा पूर्वेचा ओला वारा, किनाऱ्यामागे उभे डोंगर आणि वर ती थंड हवा. मग गडगडाटी ढग एकाच जागी पुन्हा पुन्हा तयार होत राहतात. म्हणून हा धोका मुख्यतः सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये, कातालोनियापासून मुर्सिया-आल्मेरियापर्यंत आणि बालेआरिक बेटांवर.

२९ ऑक्टोबर २०२४ रोजी वालेन्सिया प्रांतातल्या तुरीस इथे २४ तासांत ७७१.८ मिमी पाऊस झाला, त्यातला १८४.६ मिमी एका तासात. २६ जुलै २००५ चे सांताक्रूझचे ९४४ मिमी आपल्याला आठवतात. पण मुंबईत वर्षाला दोन हजारांवर पडतो, तिथे पाचशेच्या आसपास. दोनशेहून अधिक माणसं गेली. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही, की पायपोर्तासारख्या ज्या गावांत सर्वाधिक बळी गेले तिथे स्वतःचा पाऊस फारसा नव्हताच. पाणी वरच्या डोंगरातून ‘राम्ब्ला’तून, म्हणजे एरवी कोरड्या ठणठणीत ओढ्यातून, लोंढ्यासारखं आलं. मोबाइलवरचा इशारा रात्री आठनंतर पोचला, तोवर रस्त्यांवर पाणी होतं. वालेन्सिया शहराचा जुना भाग वाचला, कारण १९५७ च्या पुरानंतर तुरिया नदी शहराच्या दक्षिणेकडून वळवली होती. तिच्या जुन्या पात्रात आज लांबलचक बाग आहे.

यावरून घ्यायच्या सवयी: राम्ब्लात किंवा तिच्या तोंडाशी गाडी लावू नका, तंबू तर मुळीच नाही. हे फक्त भूमध्य किनाऱ्यापुरतं नाही. ७ ऑगस्ट १९९६ रोजी फ्रान्सच्या सीमेवरच्या पिरेनीज डोंगरांतल्या बिएस्कासला ओढ्याच्या मुखाशी असलेल्या तंबूंच्या तळावर लोंढा आला आणि ८७ जण गेले. इशारा लाल असेल तर तळघरातली गाडी वर काढायला जाऊ नका. २०२४ मध्ये कित्येक जण तसेच अडकले. पाणी आलं की गाडी सोडून पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर जा. मदतीचा क्रमांक ११२.

समुद्रात पोहायला कुठे आणि कधी?

ऑगस्टमध्ये पाणी वालेन्सिया आणि बालेआरिक बेटांजवळ २६-२७ अंश, कधी जास्तही. मालागाचा किनारा दिसतो गरम, पण जिब्राल्टरमधून अटलांटिकचं थंड पाणी आत येत असल्याने बऱ्याचदा २०-२२ वर थांबतो. सान सेबास्तियान २१-२२. गालिसियात खोल समुद्राचं थंड पाणी वर येत राहतं, भर उन्हाळ्यात १६-१८. त्या थंड, अन्नद्रव्यांनी भरलेल्या पाण्यामुळेच तिथले शिंपले नावाजलेले. मे महिन्यात भूमध्यही जेमतेम १८-१९ असतो. पोहायचं तर सप्टेंबर सगळ्यात चांगला: पाणी गरम, गर्दी कमी. फक्त वरचा ‘दाना’चा प्रश्न वाचून जा.

भरती-ओहोटी भूमध्यात नगण्य, वीतभर. उत्तर किनाऱ्यावर मात्र चार मीटरपर्यंत. लुगो प्रांतातला कमानींचा प्रसिद्ध किनारा, प्लाया दे लास कातेद्रालेस, फक्त ओहोटीला चालत बघता येतो; ओहोटीच्या वेळेआधी दीड तास पोचा आणि पाणी वळलं की लगेच निघा. गर्दीच्या दिवसांत आधी नोंदणी लागते.

कॅनरी बेटांवर खरंच बारा महिने वसंत असतो?

किनाऱ्यावर, बऱ्यापैकी. आफ्रिकेच्या जवळ असूनही थंड सागरी प्रवाह आणि ईशान्येचे व्यापारी वारे यांमुळे तापमान बेताचं. तेनेरिफच्या दक्षिणेला जानेवारीतही कमाल २१-२२. पण बेटाच्या बाजूनुसार आभाळ बदलतं. ओलसर वारा उत्तर उतारावर चढतो आणि साधारण ८०० ते १५०० मीटरच्या पट्ट्यात ढगांचा समुद्र तयार होतो. त्याच्यावर गरम, कोरड्या हवेचा थर असल्याने ढग आणखी वर जाऊ शकत नाही. म्हणून उत्तरेला केळीच्या बागा आणि धुक्यातली जंगलं, दक्षिणेला निवडुंग आणि हॉटेलं. लास पाल्मास शहरावर जुलैमध्ये दिवसेंदिवस जे करडं छत बसतं त्याला लोक ‘गाढवाचं पोट’ म्हणतात. ऊन हवं असेल तर दक्षिणेला राहा. हिरवळ बघायला उत्तरेला सहल काढा.

तेइदे शिखर ३७१५ मीटर. रोपवेचं वरचं स्थानक ३५५५ मीटरवर, किनाऱ्याहून वीसएक अंश थंड. चपला आणि टी-शर्टवर आलेले लोक वर कुडकुडत रांगेत दिसतात. वारा वाढला की रोपवे बंद, म्हणून तो शेवटच्या दिवशी ठेवू नका. सहारातून धूळ घेऊन येणारी ‘कालिमा’ हिवाळ्यातही येते; फेब्रुवारी २०२० मध्ये तिच्यामुळे विमानतळ बंद ठेवावे लागले. दमा असेल तर त्या दिवशी घरात थांबा. तेनेरिफचा उत्तरेचा विमानतळ ६०० मीटरहून उंच, ढगांच्याच वाटेवर. २७ मार्च १९७७ चा ५८३ बळींचा अपघात तिथल्याच धुक्यात धावपट्टीवर झाला. पुढच्या वर्षी दक्षिणेचा विमानतळ सुरू झाला. तिकीट काढताना दोन्हींतला नेमका कोणता ते बघा. आणि बेटांचं घड्याळ मुख्य भूमीच्या एक तास मागे आहे.

हिवाळ्यात सेव्हिलला शिकायला जातोय. गरम कपडे लागतील का?

बाहेरपेक्षा घरात जास्त. जानेवारीत दिवसा १६ अंश आणि ऊन, पण घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली: जाड भिंती, फरशीची जमीन, छोट्या खिडक्या, मध्यवर्ती हीटिंग नाही. आत १४-१५ अंशांवर दिवस काढावे लागतात. जुनी सोय म्हणजे ‘मेसा कामिया’: गोल टेबलावर जमिनीपर्यंत जाड कापड आणि खाली विजेची शेगडी, पाय आत घालून अभ्यास. घर घेताना ‘कालेफाक्सियोन’, म्हणजे हीटिंग, आहे का विचारा. वातानुकूलन यंत्र गरम हवाही देतं का, हेही. लोकरी मोजे आणि घरातली बंद चप्पल इथूनच न्या. उलट बुर्गोसला बाहेर उणे चार असलं तरी खोली ऊबदार असते.

मे महिन्याची सुट्टी, दिवाळी, नाताळ: कधी कुठे जावं?

मे महिन्यात आंदालुसिया आणि माद्रिद-तोलेदो. सेव्हिलचं सरासरी कमाल २७ अंश, कोर्दोबात फुलांनी भरलेल्या अंगणांचा उत्सव याच महिन्यात. महिन्याच्या अखेरीस मात्र ३५ च्या वर जाऊ शकतं, म्हणून दक्षिण आधी आणि उत्तर नंतर असा क्रम लावा. जूनच्या पहिल्या पंधरवड्यातच सुट्टी मिळत असेल तर बास्क-आस्तुरियास.

दिवाळीत पुन्हा आंदालुसिया, किंवा कॅनरी. भूमध्य किनारा घेतलात तर परतीचं तिकीट बदलता येईल असं ठेवा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. एकदम संध्याकाळी सहालाच अंधार पडतो, सहलीचे बेत कोलमडतात.

नाताळात मालागा किंवा तेनेरिफ. वायादोलीद आणि ल्येइदाच्या खोऱ्यांत त्या दिवसांत धुकं चार-चार दिवस उठत नाही.

कामिनोची, म्हणजे सान्तियागोला जाणाऱ्या जुन्या तीर्थवाटेची, पदयात्रा करायची आहे. एकाच पिशवीत सगळी हवामानं कशी बसवू?

फ्रेंच मार्ग सुमारे ७८० किमीचा आणि तो तीन हवामानांतून जातो. पिरेनीज ओलांडणारी नेपोलियन वाट १ नोव्हेंबर ते ३१ मार्च बंद असते. तेव्हा वालकार्लोसच्या खालच्या वाटेने जायचं. बुर्गोस ते लेओन हे उघडं पठार, झाड नाही. कार्रियोननंतर १७ किमी वाटेत गावच नाही, तिथे दोन लिटर पाणी आणि पहाटे सहाची सुरुवात. पुढे १३०० मीटरवरच्या ओ सेब्रेइरोला धुकं, आणि तिथून गालिसियाची पिरपिर. पिशवीसकट झाकेल असा पोंचो, झटपट वाळणारे दोन जोड आणि एक पातळ लोकरी थर एवढ्यात भागतं. जीन्स नको.

अंदाज कुठे बघावा?

‘आएमेत’ या राष्ट्रीय हवामान संस्थेचा, गावनिहाय. फोनमधल्या तयार ॲपचे आकडे डोंगराळ भागात फसतात, कारण दरी आणि शिखर यांचा ते एकच चौकोन धरतात. कातालोनिया, गालिसिया आणि बास्क प्रदेशांच्या स्वतंत्र सेवा आहेत आणि त्या आपापल्या भागात जास्त बारकाईने सांगतात. इशारे पिवळा, नारिंगी, लाल. पण कोणत्या आकड्याला कोणता रंग हे भागानुसार बदलतं, म्हणून बिल्बाओचा नारिंगी आणि कोर्दोबाचा नारिंगी एका तापमानाचे नसतात. फोनमधली आपत्कालीन सूचनांची सोय बंद करू नका. तिला ॲप लागत नाही, भारतीय सिम तिथल्या जाळ्यावर असलं तरी संदेश येतो, आणि शांत ठेवलेला फोनही त्या वेळी मोठ्याने वाजतो.